कॅल्शियमची बाटली आणि पुलाचं काँक्रीट

मे महिन्यात आर्वी तालुक्यातल्या एका शेतावरून सकाळीच फोन आला. "डॉक्टरसाहेब, राती गाय व्याली, आता उठूनच नाई राह्यली. लवकर या जी."

संकरित जर्सी, तिसरं वेत, दुधाला जबर. मान वळवून तोंड कुशीत खुपसून बसली होती. कान गार, नाकपुडी कोरडी, शेण बंद. थर्मामीटरात ताप नाही, उलट अंग थंड. हा दुग्धज्वर, नावात ज्वर असला तरी ताप नसतो. चीक सुटला की रक्तातलं कॅल्शियम झपाट्यानं कासेत ओढलं जातं आणि हाडांतून भरपाई व्हायला वेळ लागतो. १०० मिलीलीटर रक्तात ८ ते १० मिलिग्रॅम लागतं, ते पार ५ च्या आसपास किंवा त्याहून खाली येतं.

घरचे गुळाचं पाणी पाजायच्या तयारीत होते. ते आधी थांबवलं. अशा गाईला नीट गिळता येत नाही. पाजलेलं फुप्फुसात उतरतं आणि वाचणारं जनावर न्यूमोनियानं जातं. हे मी गावोगाव सांगत असतो.

मानेच्या शिरेत सुई लावली, कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची ४५० मिलीलीटरची बाटली वर धरायला दिली आणि स्टेथोस्कोप छातीला लावून बसलो. इथे घाई जिवावर बेतते. हेच औषध भरभर गेलं तर हृदय बंद पडतं. ठोके चुकायला लागले की बाटली खाली घ्यायची, सुरळीत झाले की पुन्हा वर.

बाटली धरली होती शेजारच्या नाल्यावरच्या पुलाच्या सुपरवायझरनं. लेबल वाचून म्हणाला, "साहेब, ग्लुकोनेट तर आमच्या पोत्यावर पण असते. या उन्हात काँक्रीट लवकर आवळते, ते लांबवायला ही पावडर टाकतो."

त्याचं बरोबर होतं. त्याचं सोडियमचं, माझं कॅल्शियमचं, पण मूळ आम्ल एकच, ग्लुकोनिक. ग्लुकोजचं ऑक्सिडीकरण झालं की ते तयार होतं. कारखान्यात हे काम बहुतेक ॲस्परजिलस नायजर ही काळी बुरशी करते. मधातलं मुख्य आम्लही हेच. कॅल्शियम ग्लुकोनेट पाण्यात फार विरघळत नाही, म्हणून गुरांच्या औषधात बोरिक ॲसिडची जोड देतात. कॅल्शियम क्लोराइड शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. ग्लुकोनेट त्या मानानं पुष्कळ सौम्य. माणसांच्या दवाखान्यातही किडनीच्या रुग्णाचं पोटॅशियम फार चढलं की हृदय सांभाळायला हेच शिरेतून देतात, आणि हायड्रोफ्लुओरिक ॲसिडनं भाजलेल्या कातडीवर याचंच जेल चोळतात. स्कॉटलंडमध्ये ड्रायर आणि ग्रेग या संशोधकांनी १९२५ मध्ये दुग्धज्वराचा संबंध कॅल्शियमशी लावला. त्याआधी कासेत हवा भरून गाई उठवत. मला त्या शोधाचं मोल फार वाटतं, कारण तो रोज माझ्या हातात असतो.

बाटली निम्मी झाली तसे खांद्याचे स्नायू थरथरायला लागले. मग ढेकर. नाकपुडीवर घामाचे बारीक थेंब आले. बाटली संपता संपता तिनं शेण टाकलं आणि थोड्या वेळानं मागचे पाय सावरत उभी राहिली. म्हातारी आजी वासराला पुढे घेऊन आली.

निघताना बजावलं, "दोन दिवस धार पूर्ण काढू नका, कास रिकामी केली की पुन्हा बसेल. वासराला पाजा, थोडं राहू द्या."

"आन् पुन्हा बसली तं?"

"लगेच फोन करा. पाजू मात्र काही नका."