हात न टेकता

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी माझं उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही हो, थोडंफार चालते," आणि विषय तिथंच मिटतो. पण परवा एकाच दिवशी तिघींनी विचारलं. त्यातली एक तर माझ्या मुलीच्या वयाची. काकू, चौसष्टाव्या वर्षी तुम्ही जमिनीवरून हात न टेकता उठता, करता तरी काय? तिला तेच ठरलेलं उत्तर दिलं आणि रात्री झोप लागेना.

आधी राग काढून घेते. तुम्हाला उत्तर नको असतं, यादी हवी असते. ती मी वेळोवेळी दिलीही आहे. त्यावर कुणी म्हणतं, "एवढंच?" कुणी म्हणतं, "तुमचं बरंय, तुमची मुळातच प्रकृती काटक." ही काटक प्रकृती कुणाला दिसली, कोण जाणे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, डावा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो, आणि शाळेत खेळाच्या तासाला मी पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसून राहायचे.

तरी यादी देऊन टाकते, म्हणजे तेवढीच हवी असलेल्यांना पुढचं वाचायला नको. रोज हात छातीशी बांधून खुर्चीवरून दहा वेळा उठते आणि सावकाश बसते. धपकन नाही, खाली बसतानाच खरी मेहनत असते. दात घासताना एका पायावर उभी राहते, सकाळी डाव्या, रात्री उजव्या. बेसिन हाताशी असतंच. दिवसातून एकदा तरी जमिनीवर बसून उठते. चालते, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. आठवड्यातून दोनदा पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी उचलते-ठेवते आणि भिंतीला हात लावून जोर काढते. उठायची वेळ रोज एकच. मिठावर हात आखडता. रक्तदाब घरी मोजते. झालं. यात नवल काही नाही, आणि हे तुम्हाला माहीत नव्हतं असंही नाही.

तुम्ही विचारत नाही तो प्रश्न असा, की हे मी कधीपासून करते आणि का. आईचं आजारपण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय, ते पुन्हा सांगत नाही. एका रात्रीचं मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

त्याआधी पंधरा वर्षांपूर्वीची मी कशी होते ते सांगायला हवं. एकोणपन्नास वर्षांची, कमरेला पावलं मोजणारं यंत्र लावलेली, रोज दहा हजार म्हणजे दहा हजार. नऊ हजार आठशेवर दिवस संपत आला तर खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारायची. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आला असेल अशी माझी खात्री होती. तो आला १९६५ साली जपानमध्ये विकायला काढलेल्या एका यंत्राच्या नावातून; 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. पुढं २०१९ साली वयस्क अमेरिकन बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधारण ४,४०० पावलांपासूनच फरक दिसत होता आणि ७,५००च्या आसपास तो वाढायचा थांबत होता. चालणं वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. चालणं उत्तम. पण मला वाटायचं की चालते म्हणजे सगळं करते, आणि त्या तोऱ्यात मी घरी येऊन आईला म्हणायचे, "तू बस. मी करते."

न्यूमोनियानं तिचे जवळजवळ दोन आठवडे रुग्णालयात बिछान्यात गेले होते. घरी सोडताना 'विश्रांती' सांगितली होती आणि मी ती आज्ञाधारकपणे पाळली. तिची खुर्ची उंच करून घेतली. लागेल ती वस्तू हाताच्या अंतरावर ठेवली. काही उचलायला वाकली की माझा आवाज यायचाच, "आई, तू कशाला?" जन्मभर दिवसातून पन्नास वेळा खाली बसून उठलेली ही बाई तीन महिन्यांत एकदाही जमिनीवर बसली नाही. येणारे-जाणारे माझं कौतुक करायचे. लेक असावी तर अशी.

त्या रात्री एकच्या सुमारास ती बाथरूमला जाऊन आली. पलंगाच्या कडेवर टेकताना बूड पुरतं वर आलं नाही आणि ती घसरत खाली बसली. पडली म्हणावं असंही काही झालं नाही. बसली फक्त. आणि मग तिला उठता येईना.

मी शेजारच्या खोलीत होते, मध्ये एक भिंत. तिनं हाक मारली नाही. सकाळी मला ऑफिसात महत्त्वाचं काम होतं, आदल्या रात्री जेवताना मीच ते दोनदा सांगितलं होतं.

साडेपाचला मी उठले, बूट चढवले, यंत्र कमरेला अडकवलं. तिच्या दाराखालून उजेड दिसला. आत ती कुशीवर आडवी होती. पलंगावरची चादर ओढून अर्धी अंगाखाली, अर्धी अंगावर घेतलेली, डोक्याखाली स्वतःचा दंड. कपडे ओले झाले होते आणि ती चादरीनं ते झाकत होती. मला बघून म्हणाली, "तू फिरून ये आधी. मग बघू."

मी तिच्या काखेत हात घातले आणि ओढलं. बावन्न किलोची बाई. हलली, पण उचलली गेली नाही. पुन्हा जोर लावला तेव्हा माझा पाय सरकला आणि मी तिच्या अंगावरच कोसळता कोसळता वाचले. तिला लागलं असणार, ती बोलली नाही. रोज दहा हजार पावलं चालणारी मी तिथं तिच्याशेजारी फरशीवर बसले, आणि आम्ही दोघी काही वेळ नुसत्या बसून राहिलो. शेवटी शेजारच्यांचं दार वाजवलं. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा झोपेतून उठून आला आणि त्यानं तिला पलंगावर बसवलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. चादर घट्ट धरून ठेवली होती.

एक्स-रे काढला. काहीच मोडलेलं नव्हतं. सगळे म्हणाले, नशीब. मी पण म्हणाले. मनात मात्र येत होतं, की काही मोडलं असतं तर सांगायला कारण तरी असतं.

रात्री यंत्र काढून ठेवताना आकडा पाहिला. आठशे बारा.

पुढच्या आठवड्यात एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी आली. तिचा पहिला प्रश्न होता, "आजींना जमिनीवरून उठायचं कसं ते कुणी दाखवलंय का?" मला तो विचित्रच वाटला. उठायचं काय दाखवायचं? तिनं दाखवलं. पडल्यावर लगेच धडपडायचं नाही, आधी कुठं दुखतंय का ते बघायचं. फार दुखत असेल तर हलायचंच नाही, मदत येईतो वाट बघायची. ठीक असेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर भार घ्यायचा, मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर यायचं. भक्कम खुर्चीपर्यंत रांगायचं. दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, जोरकस पायाचं पाऊल पुढं रोवायचं आणि रेटून उठायचं. वळायचं, बसायचं. शेजारी कुणी असेल तर त्यानं माणसाला ओढायचं नाही, खुर्ची जवळ आणायची.

खुर्ची त्या पहाटे दोन हातांवर होती. मीच उंच करून घेतलेली.

जाता जाता तिनं मलाही तीस सेकंद खुर्चीवरून उठबस करायला लावली. बारा झाल्या. मला वाटलं छान झालं. ती म्हणाली, साठी ओलांडलेल्या बाईकडून आम्ही किमान एवढ्या धरतो. मी पन्नाशीलाही पोचले नव्हते. "ताई, चालता तुम्ही छान," ती म्हणाली, "पण चालून मांड्यांना उठायची सवय लागत नाही."

नंतर मी वाचत सुटले, खरं तर स्वतःला दोषमुक्त करायला. झालं उलटंच. स्नायू तिशीनंतरच दर दशकाला तीन ते आठ टक्क्यांनी घटू लागतात आणि साठीनंतर तो वेग वाढतो, हे कळलं. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तर शरीराची दमछाक सोसायची जी ताकद त्या तीन आठवड्यांत गेली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयानंही गेलेली नव्हती. ते विशीतले होते. आई चौऱ्याहत्तरची होती, आणि दोन आठवड्यांच्या बिछान्यानंतरचे तीन महिने मी तिला बसवून ठेवलं होतं. मग बॉस्टनचा प्रयोग वाचला. वृद्धाश्रमातले दहा जण, सरासरी वय नव्वद, आठ आठवडे पायांनी वजनं उचलण्याचा व्यायाम, आणि पायांची ताकद सरासरीनं दुपटीहून जास्त. प्रसिद्ध झाला १९९० साली. त्या रात्रीच्या वीस वर्षं आधी.

आता पंधरा वर्षांपूर्वीची ती बाई माझ्याशी भांडते. म्हणते, मला जे सांगितलं ते मी केलं, प्रेमानं केलं, तू आता पुस्तकं वाचून शहाणपणा शिकवतेस. मी तिला म्हणते, 'प्रेमानं' हा शब्द मध्ये आणू नकोस. तुला घाई होती. आईला एक भांडं उचलायला पाच मिनिटं लागायची आणि तुला ती पाच मिनिटं बघवत नव्हती. ती गप्प बसते, पण हरत नाही. कारण तिच्याकडे एक मुद्दा आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

तो असा. त्या मुलीनं शिकवल्यावर आईनं दोन महिने व्यायाम केला. खुर्चीवरून एकटी उठायला लागली. जमिनीवरून, खुर्चीच्या आधारानं, दोनदा उठली. आणि मी पेटले. आता माझ्या तोंडी 'बस'च्या जागी 'ऊठ' आलं. आई ऊठ, आई अजून दोन, आई आज झालं का? एका संध्याकाळी ती म्हणाली, "अगं, मला आता बसू दे ना." मी बसू दिलं. त्यानंतर ती फारशी उठली नाही, आणि दीड वर्षानं गेली, वेगळ्याच आजारानं. तिला आधी बसवलं ते जास्त चुकलं, नंतर उठवलं ते, की पुन्हा बसू दिलं ते? विचारू नका. हे मात्र खरंच विचारू नका.

तेव्हा मी शिस्तीची आहे म्हणून हे करते असं समजू नका, मला जमिनीची भीती वाटते. आणि यानं आयुष्य वाढतं असंही मी कुणाला सांगणार नाही. माझा भाऊ कधी सिगारेटला शिवला नाही, रोज पोहायचा, एकोणसाठाव्या वर्षी त्याला पक्षाघात झाला. त्याच्या अंथरुणाशी बसून 'नियमित व्यायाम करा' म्हणायची कुणाची हिंमत आहे बघू. माझी मागणी लहान आहे. खुर्चीपर्यंत रांगता यावं.

सुरुवातीला सांगितलेल्या, मला 'काकू' म्हणून विचारणाऱ्या तिशीतल्या मुलीला एवढं सांगते, की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशीतलं 'आठवड्याला दीडशे मिनिटं' सगळ्यांना पाठ असतं. त्याच शिफारशीत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितलाय, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा, तीन दिवस. हे कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि एकवीस दिवसांत सवय लागते वगैरे डोक्यातून काढून टाक. लंडनच्या एका अभ्यासात सरासरी सहासष्ट दिवस लागले, कुणाला अठरा, तर कुणाला दोनशे चोपन्न दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच होतं. मला तर वर्ष लागलं. दिवस माझेही चुकतात, सर्दी झाली की आठवडा जातो.

आणि सून. गुणी आहे. गेल्या महिन्यात मी कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं काही काढायला वाकले तर धावत आली, "आई, तुम्ही बसा ना, मी देते." मी तिच्यावर इतकी जोरात ओरडले की नातू खेळायचा थांबला. ती दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. तिला ही रात्र सांगायला हवी होती. सांगितली नाही, तुम्हाला सांगतेय.

बाकी तो हात न टेकता उठण्याचा जो प्रकार तुम्ही पाहिलात, तो गेल्या मंगळवारी जमला नाही. खोलीत एकटी होते. अर्ध्यात गुडघ्यात कळ आली आणि डावा हात टेकला. मग पुन्हा बसले आणि पुन्हा उठले. तेव्हाही टेकला.