छापातल्या सरड्यांचे रंग

घरी येणारं कुणी ना कुणी भिंतीकडे बघून हमखास विचारतं, "हे सरडे खरंच अशा रंगाचे असतात का?" भिंतीवर आहेत ती अठराव्या शतकात युरोपात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि मग हातानं रंगवलेली, उष्ण प्रदेशातल्या सरड्यांची छापचित्रं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: रेषेवर बराचसा विश्वास ठेवा, रंगावर मात्र चौकशी केल्याशिवाय ठेवू नका.

रेष आणि रंग बहुतेकदा एका हातचे नसत. कोरणारा खवले, नखं, शेपटीचं वेटोळं कोरायचा. छापलेला काळा-पांढरा कागद मग रंगाऱ्याकडे जायचा आणि त्याच्यापुढे असायची रंगवलेली नमुना प्रत. सरडा त्यानं कधी पाहिलेलाच नसायचा. ज्यांनी पाहिला, त्यांनीही बहुधा मेलेला, टिकावा म्हणून दारूच्या बरणीत बुडवून ठेवलेला पाहिला.

ॲमस्टरडॅमचा औषधविक्रेता आल्बर्टस सेबा परदेशाहून येणाऱ्या जहाजांवरून असे जीव मिळवायचा. त्याचा पहिला संग्रह रशियाच्या पीटर द ग्रेटनं विकत घेतला. मग त्यानं दुसरा उभा केला. त्या संग्रहाची चित्रं १७३४ ते १७६५ या काळात चार खंडांत निघाली. शेवटचे दोन तर तो वारल्यावर. लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञानं प्राण्यांची वर्णनं लिहिताना या चित्रांचे दाखले दिले. पण बऱ्याच प्रती बिनरंगीच विकल्या गेल्या, रंग नंतर कुणीतरी भरले.

बरणीतला सरडा रंगाच्या बाबतीत दगा देतो. त्याच्या कातडीतला हिरवा रंग म्हणजे निळ्या झाकेवर पिवळ्या रंगद्रव्याचा थर. दारूत पिवळं विरघळून जातं आणि निळं उरतं. म्हणून जुन्या चित्रात निळाशार सरडा दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, हा कुणी जिवंत पाहिला होता का?

मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीनं पाहिला होता. १६९९ साली, बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली आणि १७०५ साली साठ चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात केळीच्या चित्रात एक निळा सरडा आहे. ती लिहिते, की या सरड्यानं तिच्या घराच्या जमिनीत घरटं करून चार अंडी घातली होती. परतताना तिनं ती जहाजावर सोबत घेतली. पिल्लं भर समुद्रात बाहेर आली, पण आई नाही, खायला नाही, म्हणून मेली. त्या निळ्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवते.

तसाच विश्वास मार्क केट्सबीवर. अमेरिकेतला कॅरोलिना प्रांत आणि बहामा बेटं हिंडून आलेल्या या इंग्रजाला कोरणारे परवडेनात, तेव्हा तो स्वतः तांब्याचे पत्रे कोरायला शिकला. सरपटणारे प्राणी खाण्यावाचून कित्येक महिने जगतात, म्हणून त्यांना जिवंतपणीच रंगवायला अडचण आली नाही, असं त्यानं प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. मला या दोघांची चित्रं सेबाच्या देखण्या पानांपेक्षा जास्त मोलाची वाटतात.

रंग कुणी दिला हे कळलं तरी तो कधी दिला हा प्रश्न उरतोच, कारण बिनरंगी जुनी पानं अलीकडेही रंगवून विकली जातात. माझ्याकडच्या एका इग्वानाचं, म्हणजे एका मोठ्या सरड्याचं, पान उलटलं, तर पाठीवरच्या दाट हिरव्याच्या बरोब्बर मागे कागद तपकिरी पडलाय, पुढच्या आकारात. तांब्यापासून केलेला जुना हिरवा रंग असा हळूहळू कागद खातो, म्हणजे हा रंग अलीकडचा नाही. दरवेळी हे दिसेलच असं नाही. निळा आणि पिवळा मिसळून केलेला हिरवा कागदाला असा त्रास देत नाही. तरीही विकत घेताना चित्र फ्रेमबाहेर काढून पाठ दाखवायला सांगाच. विकणारा कां-कूं करायला लागला, तर ते पान राहू द्या.