वाय-फायवरील मल्टिकास्ट : जुन्या इमारतीतील माझा अनुभव

फोर्टमधील एका जुन्या महाविद्यालयाच्या नेटवर्कची देखभाल माझ्याकडे आहे. मुख्य सभागृहातील व्याख्यान वरच्या मजल्यांवरील वर्गांतही दिसावे, अशी प्राचार्यांची इच्छा होती. परंतु इमारत वारसा यादीत असल्यामुळे दगडी भिंतींना भोके पाडून नव्या केबल ओढता येणार नव्हत्या, म्हणून शेवटचा टप्पा वाय-फायवरूनच न्यायचे ठरले. एन्कोडर (व्हिडिओचे डिजिटल प्रवाहात रूपांतर करणारे यंत्र) ४ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिटचा, व्हिडिओ २३९.१.१.१० या मल्टिकास्ट पत्त्यावर, म्हणजे एकदाच पाठवून मागणाऱ्या सर्वांना मिळेल असा, पाठवत होता आणि वर्गांतील लॅपटॉप तो व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडत होते. स्विचला केबलने जोडलेल्या संगणकावर चित्र स्वच्छ दिसे. त्याच टेबलावरच्या वाय-फायवरील लॅपटॉपमध्ये मात्र वक्त्याच्या चेहऱ्याचे करडे चौकोन होत.

पुरवठादाराच्या तंत्रज्ञाने वाय-फायचा सिग्नल देणारी उपकरणे, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवण्याचा सल्ला दिला. तो मला पटला नाही, कारण त्याच जागी, त्याच लॅपटॉपवर मोठ्या फाइली झपाट्याने उतरत होत्या. लॅमिंग्टन रोडवरून मॉनिटर मोड (हवेतील सगळे वाय-फाय संदेश ऐकण्याची सोय) चालणारा एक यूएसबी अ‍ॅडॅप्टर आणला आणि वायरशार्क या नेटवर्क तपासण्याच्या प्रोग्राममध्ये हवेतील फ्रेम (माहितीचे तुकडे) पकडून पाहिल्या. इतर फ्रेमच्या ओळींत वेगाचे आकडे शेकड्यांत होते. व्हिडिओच्या प्रत्येक ओळीत मात्र ६.० एवढेच, आणि एकाही ओळीवर रीट्रायची (पुन्हा पाठवल्याची) खूण नाही.

निदान त्या दोन गोष्टींतच होते. युनिकास्ट, म्हणजे एकाच उपकरणासाठीची, फ्रेम मिळाल्याची पोच घेणारे उपकरण देते. पोच आली नाही तर अ‍ॅक्सेस पॉइंट ती फ्रेम पुन्हा पाठवतो आणि पोचांच्या अंदाजावरून वेग ठरवतो. मल्टिकास्ट फ्रेमला पोच नसते, त्यामुळे हरवलेली फ्रेम हरवलीच, आणि सर्वांना ऐकू जावी म्हणून ती बहुधा सर्वांत कमी मूलभूत वेगाने (जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला जमलेच पाहिजेत अशा वेगांपैकी) पाठवली जाते. तो वेग ५ गिगाहर्ट्झवर सहसा ६ एमबीपीएस आणि २.४ गिगाहर्ट्झवर १ एमबीपीएस असतो. आमचा प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे ३८० पॅकेट. ६ एमबीपीएसने प्रत्येकाला जवळपास २ मिलिसेकंद लागतात, म्हणजे प्रत्येक सेकंदातील पाऊण सेकंद हा एकच व्हिडिओ हवा अडवून बसतो. २.४ गिगाहर्ट्झवर तर ४ एमबीपीएसचा प्रवाह १ एमबीपीएसच्या वाटेने जाणे गणितातच बसत नाही. एकदाच पाठवून सर्वांना पोहोचवण्याची मल्टिकास्टची काटकसर केबलवर खरी ठरते. रेडिओवर तीच उधळपट्टी होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९११९ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजामध्ये ही सारी अडचण आणि तिच्यावरचे उपाय एकत्र मांडलेले आहेत, आणि वाय-फायची कामे घेणाऱ्या प्रत्येकाने तो दस्तऐवज वाचावा असे माझे मत आहे.

वर्गांसाठी मी मल्टिकास्टचे युनिकास्टमध्ये रूपांतर करण्याची सोय सुरू केली. यात अ‍ॅक्सेस पॉइंट आयजीएमपीच्या (मल्टिकास्ट गटात सामील होण्याचे संदेश पाठवण्याच्या पद्धतीच्या) नोंदींवरून व्हिडिओ मागणारे लॅपटॉप ओळखतो आणि प्रत्येकाच्या मॅक पत्त्यावर (उपकरणाच्या स्वतःच्या क्रमांकावर) स्वतंत्र प्रत पाठवतो. दहा लॅपटॉपच्या दहा प्रती म्हणजे ४० एमबीपीएस. पण त्या शेकडो एमबीपीएसच्या वेगाने जात असल्याने त्या एका संथ प्रतीपेक्षा कितीतरी कमी वेळ घेतात, शिवाय पोच आणि पुनःप्रेषण दोन्ही मिळतात. चौकोन त्याच दिवशी नाहीसे झाले.

मग प्रयोगशाळा सहायकांचा फोन आला. “सर, चार-साडेचार मिनिटं नीट चालतं आणि मग थांबतं. सगळीकडे एकदम नाही. ज्यानं जेव्हा लावलं, त्याच्या हिशेबानं. बंद करून उघडलं की पुन्हा सुरू.” तक्रार इतकी नेमकी असेल तर अर्धे काम झालेले असते. आयजीएमपी स्नूपिंगमधील (हे संदेश ऐकून ठेवलेल्या यादीतील) सभासदत्वाची नोंद मूळ सेटिंगनुसार २६० सेकंद टिकते, आणि ती ताजी राहावी म्हणून कोणाला तरी दर १२५ सेकंदांनी विचारणा करावी लागते. हे काम एरवी मल्टिकास्ट राउटर करतो. व्हिडिओसाठी काढलेल्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरील स्वतंत्र नेटवर्कमध्ये) तसा राउटरच नव्हता. मुख्य स्विचवर क्वेरियर, म्हणजे ही विचारणा करणारी सोय, सुरू करताच ही तक्रार मिटली.

सभागृहातील मागणी वेगळी होती. इंग्रजी व्याख्यानाचा मराठी अनुवाद श्रोत्यांना आपापल्या फोनवर ऐकायचा होता आणि फोन दोनशेच्या घरात. येथे रूपांतर उलट महागात पडते : आवाजाची सेकंदाला ५० लहान पॅकेट गुणिले २०० श्रोते, म्हणजे १०,००० फ्रेम, त्या एका चॅनलवर मावत नाहीत. म्हणून येथे मल्टिकास्ट तसाच ठेवला, मूलभूत वेग २४ एमबीपीएस केला आणि प्रत्येक पॅकेटमध्ये मागच्या पॅकेटची प्रत जोडली, म्हणजे अधूनमधून एखादे हरवले तरी शब्द तुटत नाही. मूलभूत वेग वाढवला की अ‍ॅक्सेस पॉइंटचा पल्ला घटतो. मोकळ्या सभागृहात ते चालते, वरच्या मजल्यावरील जाड भिंतींआडच्या वर्गांत मी ते केले नसते.

फोनच्या झोपेचा बंदोबस्तही करावा लागला. एकही जोडलेला फोन वीज वाचवण्यासाठी झोपला, तरी अ‍ॅक्सेस पॉइंट त्या एसएसआयडीवरील (वाय-फायच्या त्या नावावरील) सगळा मल्टिकास्ट पुढच्या डीटीआयएमपर्यंत (झोपलेल्या फोननी जागे होऊन ऐकण्याच्या ठरलेल्या क्षणापर्यंत) रोखून धरतो. आमच्याकडे डीटीआयएम ३ होता, म्हणजे दर १०२.४ मिलिसेकंदांनी येणाऱ्या बीकनपैकी (वाय-फायच्या नियमित घोषणांपैकी) तिनांमागे एकदा, आणि अनुवाद गचके देत येई. तो १ केला. फोनची बॅटरी थोडी अधिक खर्च होते, ती किंमत व्याख्यानापुरती मान्य केली. अँड्रॉइडच्या अ‍ॅपने मल्टिकास्ट लॉक (मल्टिकास्ट स्वीकारण्याची परवानगी) घेतला नाही तर फोन हे पॅकेट आत येऊच देत नाही, एवढे अ‍ॅप लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगावे लागले.

उरलेला सगळा मल्टिकास्ट अ‍ॅक्सेस पॉइंटवरच अडवावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले. २२४.०.०.२५१ वरील एमडीएनएसचा (जवळची उपकरणे नावाने शोधण्याच्या पद्धतीचा) गोंगाट मी या दोन एसएसआयडींवर थांबवला. परंतु आयपीव्ही६ मधील शेजारी उपकरणांचा शोध मल्टिकास्टवरच चालतो, म्हणून सरसकट बंदीला नकार दिला.