पायातली कळ कमरेत परतली तेव्हा

जवळजवळ सात आठवडे मी उभ्याने जेवत होते. खुर्चीत टेकलं की दोन-तीन मिनिटांत उजव्या कुल्ल्यातून कळ निघायची. ती मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून पावलाच्या बाहेरच्या कडेने थेट करंगळीपर्यंत जायची. शिंक आली की भिंतीला धरून उभं राहायचं. भरलेली बादली उचलताना कमरेतून वळले होते, एवढंच निमित्त.

डॉक्टरांनी आधी झोपवून पाय सरळ वर उचलला. चाळीस अंशांच्या आसपासच मी ओरडले. मग टाचेमागे हातोडी मारून पाहिली. डावं पाऊल उडालं, उजवं जेमतेम हललं. उजव्या पायाच्या चवड्यावर उभी राहायला सांगितलं, तर चार-पाच वेळांनंतर टाच उचलेना. एमआरआयने तेच दाखवलं: कमरेच्या शेवटच्या मणक्याखालची, म्हणजे एल ५–एस १ ची गादी मागे उजवीकडे सरकून नस दाबत होती.

ऑपरेशनची घाई नको, असं ते म्हणाले. पण तीन गोष्टी त्यांनी मला दोनदा म्हणायला लावल्या: लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, किंवा पायातली ताकद झपाट्याने जाऊ लागली, यातलं एकही झालं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत यायचं. कमरेचं दुखणं असलेल्या प्रत्येकाच्या घरी हे माहीत असायला हवं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

डिकंप्रेशनबद्दल, म्हणजे पट्टे बांधून टेबलावर कंबर हळूहळू ओढायच्या उपचाराबद्दल, मी स्वतःच शोधलं होतं. पहिल्या ठिकाणी रिपोर्टचं पाकीटही न उघडता ‘गादी शंभर टक्के आत जाईल’ असं सांगितलं आणि सगळ्या सेशन्सचे पैसे आधीच भरायला सांगितले. मी उठून आले. वेदनेत असलेल्या माणसाला अशी हमी देणं मला अजूनही क्रूर वाटतं.

दुसऱ्या ठिकाणच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आधी प्रश्नच विचारले. हाडं ठिसूळ आहेत का, मणक्यात स्क्रू किंवा प्लेट आहे का, गरोदर आहात का, पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगल्याचं कधी कुणी सांगितलंय का, कॅन्सर, मणक्याचं फ्रॅक्चर? यातलं काही असेल तर टेबलावर घेणार नाही म्हणाल्या. पुढचंही स्पष्ट सांगितलं. हे मूळचं ट्रॅक्शनच, म्हणजे कमरेला ताण देण्याचा जुनाच उपचार आहे, फक्त ओढ कॉम्प्युटर सांभाळतो. १९९४ च्या एका छोट्या अभ्यासात पाच पेशंटांच्या गादीतला दाब अशा टेबलावर शून्याच्याही खाली गेलेला मोजला होता. पण दाब उतरणं वेगळं आणि गादी जागेवर जाणं वेगळं. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात कंबरदुखीवर ट्रॅक्शनचा फारसा फायदा दिसलेला नाही. ‘तुम्हाला थोडा आराम मिळाला की तुम्ही चालाल, आणि मला तुम्हाला चालवायचंय,’ असं त्या म्हणाल्या. त्या वाक्यावर मी हो म्हटलं.

एक पट्टा बरगड्यांखाली, दुसरा कमरेच्या हाडांवर, गुडघ्यांखाली उशी, हातात थांबवायचं बटण. टेबलाचा खालचा अर्धा भाग हळूहळू सरकतो. ओढ वाढते, मिनिटभर टिकते, निम्म्यावर येते आणि पुन्हा वाढते. असं पंचवीस मिनिटं. पहिल्या दिवशी ओढ माझ्या वजनाच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी होती. दुखत नाही, पण अंग आपोआप ताठ होतं, आणि ताठ झालेले स्नायू त्या ओढीशीच झगडतात. श्वास सोडत कंबर सैल टाकायला मला तीन सेशन्स लागली.

चूक झाली ती उतरताना. पट्टे सुटल्यावर हलकं वाटलं म्हणून मी सरळ उठून बसले आणि कंबर अशी धरली की पुन्हा आडवं करावं लागलं. त्यानंतर नियम ठरला: दहा मिनिटं तसंच पडून राहायचं, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत उठायचं. घरीही मी अजून तशीच उठते.

नवव्या सेशनला मी बंद करायचं ठरवूनच गेले होते. कंबर आधीपेक्षा जास्त ठणकत होती. मॅडम म्हणाल्या, ‘कमरेचं नंतर. पायाचं सांगा.’ पहिल्या दिवसापासून त्या मला कागदावरच्या माणसाच्या आकृतीत दुखतं तेवढाच भाग रंगवायला लावत. त्यांनी नऊही कागद ओळीने मांडले. पहिल्यावर करंगळीपर्यंत लाल पट्टा होता. पाचव्यावर तो पोटरीशी थांबला होता. नवव्यावर कुल्ला आणि कंबर, बस्स. कळ पायातून वर सरकत होती आणि माझं लक्ष मात्र कमरेवरच होतं. याला सेंट्रलायझेशन म्हणतात, त्या म्हणाल्या, आणि हे चांगलं लक्षण आहे. कंबर हलकी होऊन कळ खाली पोटरीत उतरली असती, तर त्यांनीच थांबवलं असतं. मी तिथेच रडले.

सहा आठवड्यांत वीस सेशन्स झाली. सोबत पालथं पडून कोपरांवर छाती उचलायचा व्यायाम होता. चालणं पाच मिनिटांवरून चाळीसपर्यंत गेलं. श्रेय टेबलाचं, चालण्याचं की नुसत्या दिवसांचं, हे मला वेगळं करता येत नाही. बाहेर आलेला गादीचा भाग शरीर पुष्कळदा आपणहून शोषून घेतं, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. पण त्या पंचवीस मिनिटांनंतरचे एक-दोन तास पाय शांत असायचा, आणि मी चालले ती त्याच तासांत.

पुन्हा एमआरआय करायला डॉक्टरांनी नकार दिला. काहीच दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांतही साठ टक्क्यांच्या आसपास लोकांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात, मग फोटो पाहून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं. त्याऐवजी त्यांनी पुन्हा चवड्यावर उभं केलं. डावीकडे पंचवीस वेळा, उजवीकडे सतरा. करंगळीची बाहेरची कड अजून बधिर आहे. नस सावकाश भरते, त्याला काही महिने लागतील म्हणाले. रोज रात्री दात घासताना मी टाचा उचलते. काल उजवीकडे एकोणीस झाले.