तुम्ही विचारलंत म्हणून: तूप घरचं, तरी नानकटाई का पसरते?

दिवाळी तोंडावर आली की साताऱ्यातल्या गोडोली, करंजे, शाहूपुरीतले डबे नानकटाई भाजून घ्यायला आमच्या बेकरीच्या भट्टीपाशी रांगेला लागतात. आणि दरवर्षी तेच: "साहित्य आमचं, तूप घरचं, मग तुमच्या कपाटातल्यासारखी का होत नाही?" पुढचं कुणी बोलत नाही, पण ऐकू येतं. तूप गेलं कुठं?

कुठंही जात नाही. तूप आहे म्हणूनच पसरते.

कपाटातली डालड्याची असते, ते लपवत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यातही डालडा घट्ट राहतो, तूप सैल पडतं. किलोभर मैद्याला डालडा 600 ग्रॅम चालतो. तूप 500 च्या वर नको.

एका वर्षी एका काकूंचा अख्खा पत्रा एकच पोळी होऊन बाहेर आला. रांगेत कुणीतरी म्हणालंच, "तूप मारलं असणार." अहो, तूप काढलं असतं तर नानकटाई कोरडी पडून तडकली असती! काकूंनी घरून आणलेल्या पिठात हात घातला तर साखर बोटांना खरखरीत लागली. तूप पातळ करून ओतलेलं, कारण फेसायचा कंटाळा. थिजलेलं तूप पिठीसाखरेबरोबर पांढरं होईतो फेसलं की त्यात हवा धरते. पातळ तूप हवा धरत नाही, नुसतं मैद्यात मुरतं. दाणेदार साखर भट्टीत विरघळते आणि गोळ्याला घेऊन खाली बसते. वर सोडा चमचाभर. किलोला अर्धा पुरे. जास्त झाला की रंग काळपट, चव साबणासारखी.

आमच्या बाजूनंही गडबड होते. पाव निघाल्यावर भट्टी दीडशे-एकशेसाठ डिग्रीवर उतरेपर्यंत थांबायला हवं, पण रांग थांबू देत नाही. पत्रेही मोजकेच. गरम पत्र्यावर गोळे ठेवले की भट्टीत जायच्या आधीच तूप सुटतं.

पूर्वी माझं ठाम मत होतं, गिऱ्हाइकाच्या पिठाला हात लावायचा नाही. आता सैल पीठ दिसलं की मूठभर मैदा घालावासा वाटतो. घातला तर "चव उतरली", नाही घातला तर पोळी. न विचारता घालणं बरोबर नाही, आणि प्रत्येकाला विचारत बसायला त्या रात्री सवड कुणाला?

यंदा तूप थिजवून आणा, साखर दळून आणा, सोडा घरी घालू नका. एक गोळा आधी भाजून दाखवतो. पसरला तर मैदा घालायचा की नाही, ते तिथंच तुम्ही सांगा.