तुम्ही विचारलंत म्हणून: मोरेरांची घरं

हंपीला निघालेले सोलापूरकर हमखास विचारतात, गंगावतीजवळच्या हिरेबेणकलच्या डोंगरावर खरंच बुटकी माणसं राहायची का? नाही. तिथल्या दगडी घरांत कुणीच राहत नव्हतं. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात, लोखंड वापरणाऱ्या लोकांनी आपल्या मृतांसाठी उभारलेली ती दगडी दालनं आहेत. कानडी माणूस त्यांना ‘मोरेर मने’ म्हणतो. मोरेर म्हणजे जेमतेम तीन विती उंचीचे, पण शिळा सहज उचलणारे. तेलुगू मुलखात अशीच थडगी ‘राक्षसगुळ्ळु’, म्हणजे बांधणारे राक्षस. आपल्याकडं असलं काही दिसलं की पांडव ठरलेलेच.

एकाच बांधणीला बुटके आणि राक्षस दोन्ही कसे चिकटले, हे दालनासमोर उभं राहिलं की उमगतं. ग्रॅनाइटच्या उभ्या फरश्या, काही माणसाहून उंच, आणि वर छताची एकच शिळा. चुना नाही, माती नाही, सगळं वजनावर तोललेलं. त्यातल्या एका फरशीला गोल भोक, रांगत जावं एवढंच. शिळेकडं बघणाऱ्याला राक्षस सुचला, भोकाकडं बघणाऱ्याला बुटका. म्हणून दंतकथा हसण्यावारी नेऊ नये. ती सांगणाऱ्यानं दगड नीट पाहिला होता.

ही जागा 1835 मध्ये निजामाच्या नोकरीतल्या फिलिप मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्यानं नोंदवली. पुढं 1853 मध्ये तोच आपल्या शेजारच्या नळदुर्गला अधिकारी म्हणून आला. आपल्याच भीमेकाठी, खाली जेवर्गीला, त्यानं अशी थडगी उकरून पाहिली होती.

जायचं तर विजापूर, इलकल, कुष्टगी करत गंगावतीला मुक्काम करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. उन्हाळ्यात खडक भाजतो. हिरेबेणकल गावापासून सुमारे तीन किलोमीटर खडकाळ चढ, पायऱ्या नाहीत, वर दुकान नाही. माणशी तीन लिटर पाणी आणि गावातला वाटाड्या घ्याच, कारण ढोरवाटांत वाट चुकते आणि या पट्ट्यात अस्वलं आहेत. उजाडल्यावर निघा, अकराच्या आत उतरा. वर तळं लागेल. फरश्या काढल्या ती खाण तीच.

फोटोसाठी छतावर चढू नका, भोकात शिरू नका. फरशीखालचा एक आधाराचा दगड सरकला तरी छत कलतं. गुप्तधनाच्या नादानं कित्येक दालनं अशीच आडवी झाली आहेत.