नहपानाचं नाक, सातकर्णीचा ठसा

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने, हरवलेल्या नहपान या शक राजाची चांदी का आटवली नाही, हा प्रश्न मला पडला तो धंद्यामुळे. आम्ही गलाईवाले. वडील विट्याच्या बाजूने मुंबईत आले, झवेरी बाजारात एका खोलीत भट्टी टाकली, आणि मी मूस, तेजाब, धूर यांच्यातच वाढलो. आमच्याकडे चांदी आली की आधी टंच, म्हणजे शुद्धता, मग वजन, मग भट्टी. ताटावर कुणाच्या आजीचं नाव कोरलेलं असेल, पैंजणाला अजून घुंगरू असतील, त्याचं काही नाही. तासाभरात सगळ्याची एक लगड. त्यामुळे जिंकलेल्या राजाने हरलेल्याची नाणी मुशीत घालावीत, हेच मला सरळ वाटत होतं. त्याने ते केलं नाही, निदान सगळ्या नाण्यांचं तरी नाही.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. साधारण १३,२५० नाणी, सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या क्षत्रपाची (शक राजे स्वतःला क्षत्रप म्हणवत). त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारून घेतलेला. उरलेली जशीच्या तशी.

कफ परेडच्या नाणे-प्रदर्शनात एका संग्राहकाने असं एक नाणं माझ्यापुढे ठेवलं आणि भिंग हातात दिलं. वजन दोन ग्रॅमच्या आतबाहेर. मधोमध तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ, भोवती ब्राह्मी अक्षरं. हा सातकर्णी. पण डोंगराच्या उजव्या अंगाला एक नाक बाहेर आलंय, चांगलं धारदार, त्याखाली ओठ आणि हनुवटीचा तुकडा. हा नहपान. कडेला ग्रीक अक्षरांची शेपटं. नाणं उलटवलं तर उज्जैन चिन्हाची चार वर्तुळं, आणि त्यांच्या आडून डोकावणारं नहपानाच्या बाणाचं टोक. ठसा मारणाऱ्याने नीट मधे धरला नव्हता, एका बाजूला घसरलेला. संध्याकाळ झाली असेल, हात भरून आला असेल. नऊ हजार म्हणजे काय थोडी नव्हेत.

का आटवलं नाही, याबद्दल माझा अंदाज असा. प्रत्येक आटणीत तूट येते. थोडी धुरात, थोडी मुशीला चिकटून, थोडी (आता काय सांगायचं) माणसांच्या हातांत. शिवाय कोळसा, पुन्हा सारख्या वजनाच्या चकत्या पाडणं, पुन्हा तोलणं. ठसा मारायला ऐरण, हातोडा आणि दोन माणसं पुरतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते नाणं बाजाराला माहीत होतं. सोपाऱ्याचा, कल्याणचा व्यापारी ते न तोलता घेत होता. नव्या राजाला ती ओळख मोडून काय मिळणार होतं? त्याला फक्त एवढंच सांगायचं होतं की आता मालक मी.

हे समजायला मला लांब जावं लागलं नाही. धनत्रयोदशीला आमच्या गल्लीत चांदीची नाणी विकायला मांडतात, त्यात लक्ष्मी असते, गणपती असतो, आणि राजा छापही असतो. पंचम जॉर्जचं डोकं, नव्याने पाडलेलं. जुना राणी छाप रुपया तर कित्येक घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटात हळदकुंकू लावून बसतो. ११.६६ ग्रॅमचा हा रुपया आणून देणाऱ्याला मी विचारतो, राणी कशाला पुजायची? उत्तर ठरलेलं. राणीला कोण पुजतंय, चांदी खात्रीची आहे.

साम्राज्यांनी जिंकलेल्या लोकांचं काय केलं, यावर आमच्या ग्रुपवर दर महिन्याला एकदा तरी जुंपते. एकाचं म्हणणं, आले त्यांनी सगळं बुडवलं. दुसऱ्याचं म्हणणं, आले त्यांनीच सगळं शिकवलं. मी फार बोलत नाही, पण माझं मत झालंय ते असं की जिंकून आलेला राजा चालू हिशेबाला सहसा हात लावत नाही. वजन, व्याज, दानपत्र, तारीख, कारकुनाची लिपी, हे जसं चाललंय तसं चालू देतो आणि वर आपलं नाव घालतो. मग काही वर्षांत कोण कुणासारखं झालं ते सांगणं अवघड होतं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत याचा कागदच आहे, म्हणजे दगडच. नहपानाचा जावई उषवदात. बाहेरून आलेल्या शक घराण्यातला माणूस, पण शिलालेखात त्याची दानं वाचली तर हा इथलाच वाटतो. तीन लाख गायी दिल्या, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या, तापी, दमण, डहाणूच्या नद्यांवर नावेचं भाडं माफ केलं. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. मला त्यातला व्याजाचा भाग सगळ्यात आवडतो. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, त्याने २,००० कार्षापण (त्या काळचं नाणं) महिना शेकडा एक दराने ठेवले, दुसऱ्या एका श्रेणीकडे १,००० पाऊण टक्क्याने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज खायचं. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा कार्षापण. मी मोबाईलवर हिशेब केला. वर्षाला २४० व्याज, भागिले वीस, बरोबर बारा. दमडी इकडची तिकडे नाही. त्याच लेखमालेत सोन्याचा भावही आहे, ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं. आमच्याकडे भाव दिवसातून दोनदा बदलतो. त्यांनी तो डोंगरावर कोरून ठेवला.

मग गौतमीपुत्र येतो. त्याची आई बलश्री, तिने नातवाच्या, पुळुमावीच्या, एकोणिसाव्या राज्यवर्षात कोरवलेल्या लेखात मुलाचं वर्णन ‘खखरातवंसनिरवसेसकर’ असं आहे. क्षहरातांचा वंश शिल्लक ठेवला नाही. आईचं कौतुक आहे, थोडं सोडून द्यायचं. पण ज्याने वंश निरवशेष केला त्याने दानांचं काय केलं? त्याच डोंगरावर त्याचा अठराव्या राज्यवर्षाचा हुकूम आहे. आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं माप) शेत आम्ही इथल्या भिक्षूंना देत आहोत. माणूस बदलला, भिक्षू तेच, डोंगर तोच, दान देण्याची भाषाही जवळजवळ तीच. कार्ल्याला तर उषवदाताने दिलेलं करजिक गाव सातवाहनांनी भिक्षूंना पुन्हा दिलं.

हे सगळं गोडीगुलाबीत झालं असं मात्र नाही. नाशिकलाच चोविसाव्या वर्षाचा दुसरा लेख आहे. त्यात म्हटलंय की दिलेलं शेत कसलं जात नाही, गाव वसलेलं नाही, म्हणून बदली १०० निवर्तनं देतो. गाव का उठलं ते लेख सांगत नाही. फौजा जाऊन-येऊन असल्या मुलखात गाव का उठतं, हे सांगायला शिलालेख लागत नाही. आणि कल्याण! त्या काळच्या एका ग्रीक भाषेतल्या समुद्रप्रवासाच्या वहीत, जिला पेरिप्लस म्हणतात, लिहिलंय की कल्याणच्या बंदराची नाकेबंदी झालीय, तिथे चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जातं. जकात आपल्या बंदरात पडावी म्हणून दुसऱ्याचं बंदर मारायचं. कल्याणच्या हमालांनी त्या वर्षांत काय खाल्लं असेल, ते कुठल्याच लेण्यात कोरलेलं नाही.

आता त्या ‘निरवशेष’चं पुढे काय झालं ते बघा. क्षहरात गेले, पण शकांचंच दुसरं घराणं, कार्दमक, उभं राहिलं. त्यांच्यातल्या रुद्रदामनाने जुनागढला, इसवी सन १५० च्या सुमाराला, लिहून ठेवलंय की दक्षिणापथाच्या, म्हणजे दख्खनच्या, सातकर्णीला मी दोनदा हरवलं आणि जवळचं नातं म्हणून सोडून दिलं. हे नातं कुठलं? त्यासाठी बोरिवलीला उतरायचं. कान्हेरीच्या एका पाण्याच्या टाक्याजवळ लेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी, कार्दमक कुळातली, महाक्षत्रप ‘रु...’ याची मुलगी. पुढची अक्षरं फुटलीत, पण बहुतेक अभ्यासक तो रुद्रदामनच मानतात. म्हणजे शकांचा नायनाट केल्याचं मिरवणाऱ्या घराण्यात पुढच्या पिढीला शकांची लेक सून म्हणून आली. तिच्या अमात्याचा तो लेख संस्कृतात आहे. सातवाहनांचं सगळं लिखाण प्राकृतात, आणि दगडावर मोठं थोरलं संस्कृत गद्य आणलं ते रुद्रदामनाने, ज्याचे पूर्वज बाहेरून आले होते. राणी माहेराहून काय काय घेऊन आली असेल, त्यात ही एक गोष्ट असावी.

नाण्यांचंही तसंच. सातवाहनांची आधीची नाणी शिशाची, पोटीन या मिश्रधातूची, तांब्याची. त्यांवर हत्ती, घोडा, डोंगर, पण राजाचा चेहरा नाही. चेहरा काढायची रीत क्षत्रपांची, त्यांनी ती वायव्येतल्या ग्रीक राजांकडून घेतलेली. पुढे पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी क्षत्रपांच्याच वजनाची, आपला चेहरा असलेली चांदीची नाणी पाडायला लागले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा दगडी करंड्यात बुद्धांच्या आठ कांस्यमूर्तींबरोबर यज्ञ सातकर्णीचं असं एक नाणं निघालं. पुढे, इसवी सन ४०० च्या आसपास, गुप्तांचा दुसरा चंद्रगुप्त माळवा-गुजरात जिंकतो. तोही चांदीचं नाणं पाडतो ते क्षत्रपांच्या धाटणीचं. उजवीकडे तोंड केलेला राजा, साल टाकलेलं, आणि कडेला ग्रीक अक्षरांचे अर्थ हरवलेले अवशेष. टाकसाळीत तेच कारागीर असणार. मालकाने सांगितलं गरुड काढा, त्यांनी गरुड काढला. बाकी हात चालायचा तसा चालला.

आता त्या नहपानाच्या नाण्यावरची तिसरी लिपी. ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. नाशिकच्या बाजारात खरोष्ठी वाचणारे किती असतील? तरी ती आहे, कारण क्षत्रपांच्या कारकुनांना वायव्येतली सवय. ही लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिची अक्षरं अरामी लिपीवरून घेतलेली. अरामी लोकांची कथा ऐकण्यासारखी आहे. सीरियातली त्यांची छोटी छोटी राज्यं असिरियाने, म्हणजे आजच्या इराकमधल्या जुन्या साम्राज्याने, चिरडली आणि माणसं उचलून साम्राज्यभर विखुरली. लोकांना मुळासकट उपटून दुसरीकडे नेऊन टाकणं हे असिरियाचं ठरलेलं धोरण होतं. दुसरा सार्गोन सामरियातून २७,२९० माणसं नेल्याचं अभिमानाने नोंदवतो. डोकी मोजून नेलेली. पण एवढे अरामी सगळीकडे झाले की त्यांची भाषा बाजाराची झाली आणि शाईने लिहायची त्यांची बावीस अक्षरं असिरियाच्या जुन्या लिपीसारख्या खिळ्यांच्या खुणा ओल्या मातीत टोचण्यापेक्षा सोपी पडली. असिरियन शिल्पपटांत लुटीची मोजदाद करणारे दोन कारकून शेजारी उभे असतात. एकाच्या हातात पाटी, दुसऱ्याच्या हातात गुंडाळी. गुंडाळीवाला अरामी लिहितोय असं मानतात. आमच्याकडेही बराच काळ एक मुनीम वहीत लिहायचा आणि एक पोरगा कॉम्प्युटरवर. शेवटी वही कोणाची राहिली ते तुम्हाला माहीत आहे.

असिरिया बुडाला, इराणचे हखामनी आले, त्यांनी तीच अरामी दरबारी केली आणि गांधारापर्यंत आणली. इराणी सत्ता अलेक्झांडरने मोडल्यावर सत्तर वर्षांनी अशोक कंदाहारला लेख कोरतो, तर ग्रीक आणि अरामीत. १९५८ साली सापडला तो. वायव्येत शाहबाजगढीला तो खरोष्ठी वापरतो, सोपाऱ्याला ब्राह्मी. सोपाऱ्याच्या लेखाचे तुकडे काळ्या घोड्याजवळच्या आपल्या म्युझियमात आहेत, आणि त्याच इमारतीत असिरियन राजवाड्यातले शिल्पपटही. तिकीट एकच.

हेच अशोकाबद्दल जाता जाता. कलिंगात एक लाख मेले, दीड लाख पकडून नेले, त्याचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असं तो तेराव्या लेखात म्हणतो. पण खुद्द कलिंगात, धौली आणि जौगडला, हा लेख नाहीच. तिथे अधिकाऱ्यांना वेगळ्या सूचना कोरल्यात, लोकांशी नीट वागा म्हणून. ज्यांना मारलं त्यांच्यासमोर आकडा सांगायचा नाही, एवढं राजकारण त्यालाही कळत होतं.

पांडवलेण्याला गेलात तर सकाळी लवकर जा, पायऱ्या बऱ्याच आहेत. तीन नंबरचं लेणं बलश्रीचं आणि दहा नंबरचं नहपानाच्या कुटुंबाचं. बहुतेक जण नंबराने जातात. तुम्ही दहा आधी बघा. खांबांचे घंटेसारखे शीर्षभाग, वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी, ओसरीची मांडणी नीट बघून घ्या आणि मग तीनमध्ये या. वंश शिल्लक ठेवला नाही हे ज्या भिंतीवर कोरलंय, तिच्यासमोरचे खांब त्याच वंशाच्या लेण्यावरून बेतलेले आहेत. फक्त दर्शनी भागात खाली भार पेलणारे यक्ष जास्तीचे आहेत, ते दहामध्ये नाहीत. फोटो काढायचा असेल तर खाली बसून काढा, नाहीतर त्यांची तोंडं येत नाहीत.